तोंड न लावता घ्यायचे औषध

॥ श्री ॥

जठारपेठ, अकोला
दि. ८ मे १९६४

चि. रविकांत यास उद्धवभाऊजींचे अनेक आशीर्वाद. तुझी आई जिवंत आहे, दोन्ही वेळा जेवते आहे, आणि आत्ता या घटकेला कुरडयांच्या चिकात पाणी किती घालावे यावरून सिंधूशी वाद घालते आहे, हे सगळ्यांत आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचे तू निवांतपणे वाचशील. तुझी प्रकृती ठीक असेलच. तिकडे लंडनात म्हणे मे महिन्यातही अंगात लोकरीचे घालावे लागते. इकडे पारा एकशे बारावर आहे आणि अंगात काहीच घालू नये असे वाटते. सिंधू व मुले बरी आहेत. माझी प्रकृती कशी आहे हे तू पत्रात विचारलेले नाहीस (तुमच्या घराण्यात जावयाची प्रकृती विचारायची पद्धत नसावी), तरी कळवतो की मी वयाने त्रेचाळीस वर्षांचा असून गेल्या पंधरवड्यात माझी साठीशांत झाली.

तू लिहितोस, "दम्याचा पंप मिळाला असेल, गुण आला की नाही ते एका ओळीत कळवा." एका ओळीत कळवण्यासारखे असते तर मी एका ओळीत कळवले असते. मोठ्या हौसेने तू तो पंप पाठवलास, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. पण पंप पाठवताना तू हे विसरलास की तो तू एखाद्या मडमेला पाठवत नसून अनसूयाबाईंना पाठवतो आहेस. डॉक्टर झालास, छातीच्या आतले सगळे तुला कळते. पण छातीकडे जाणारी वाट तोंडातून जाते आणि त्या तोंडावर तुझ्या आईचा कडक पहारा आहे, हे तुला तिच्या पोटी जन्माला येऊन कळू नये याचे मला नवल वाटते.

तू विलायतेस गेलास आणि आई आमच्याकडे राहायला आल्या, त्याला या दसऱ्याला सात वर्षे होतील. पण लेकीच्या घरी कायमचे राहणे म्हणजे कमीपणा, म्हणून त्या राहायला आलेल्याच नाहीत. त्या पाहुण्या आहेत. त्यांची ट्रंक सात वर्षे माजघराच्या कोपऱ्यात कुलूप लावून, निघायच्या तयारीत उभी आहे. जावई म्हणजे मानाचा पाहुणा, त्याच्याशी तोंडावर बोलायचे नाही, म्हणून त्या माझ्याशी सिंधूमार्फत बोलतात, आणि सिंधू घरात नसली तर ओसरीच्या खांबामार्फत. "जावयांना म्हणावं, आमटी निवून राहिली आहे," असे त्या खांबाला सांगतात, आणि मी खांबाशेजारीच बसलेला असलो तरी खांबाने ते मला सांगेपर्यंत थांबल्यासारखे करतात. त्यांच्या घरी मी पाहुणा की माझ्या घरी त्या, याचा निकाल मला सात वर्षांत लागलेला नाही. हे सगळे मी सोसले. दमा मात्र सोसवत नाही. त्यांना नाही आणि मलाही नाही. छातीतून शिट्ट्या वाजू लागल्या, त्या उशी पोटाशी धरून वाकून बसल्या, की घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. आजवर अडुळसा झाला, गोळ्या झाल्या, सुया झाल्या. म्हणून तुझ्या पंपाची मी चातकासारखी वाट पाहत होतो, हे कबूल करतो.

पार्सल आले ते चैत्रात. त्यावर मुंबईच्या कस्टमची चिठ्ठी चिकटवलेली होती. हे काय लिहिले आहे, असे आईंनी खांबाला विचारले. आता मी पडलो इंग्रजीचा मास्तर. वीस वर्षे पोरांकडून भाषांतरे करून घेतो. शब्दाला शब्द दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी फुशारकीने सांगितले, "उघडून, तपासून, पुन्हा बंद केले." माझे चुकले ते इथे. एवढ्यातच पुढचे सगळे रामायण आले. आईंनी विचारले, तपासलं म्हणजे काय केलं? मी म्हणालो, पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तोंडात धरायची वस्तू तोंडात न धरता कशी पाहून राहिले होते ते?" आणि तेव्हापासून तुझा पंप हा कस्टममधल्या कोण्या अनोळखी, बिडी ओढणाऱ्या (हे बिडीचे त्यांनीच ठरवले) माणसाचा उष्टा पंप झाला. मी तीन दिवस समजूत घातली. कस्टमवाल्यांना हजारो पार्सले पाहावी लागतात, ते प्रत्येक वस्तू वापरून पाहत नाहीत. चपलांचे पार्सल आले तर ते त्यात काय पाय घालून पाहतात का, असे मी विचारले. उत्तर आले की घालूनच पाहत असतील, फुकटच्या चपला कोण सोडतं. मी हात टेकले.

बरे, उष्टे झाले तर शुद्ध करून घ्यावे. पितळेचे असते तर चिंच लावून घासले असते, लोखंडाचे असते तर निखाऱ्यावर धरले असते. पण तू पाठवलेस ते तोंडाकडून कचकड्याचे. ते निखाऱ्यावर धरले तर वितळते (धरून पाहिले, कडेला एक पोचा आला आहे, तो तुझ्या कंपनीचा दोष नव्हे). आतली धातूची डबी मात्र त्यांनी चिंच लावून इतकी घासली की तिच्यावरचे सगळे इंग्रजी गेले आणि ती देवघरातल्या पंचपात्राला लाजवील अशी झाली. मग ती वाळवायला त्यांनी अंगणात, कुरडयांच्या खाटेवर, उन्हात ठेवली. कागदावर स्पष्ट छापलेले आहे की डबी उष्णतेजवळ नेऊ नये, फुटण्याचा संभव आहे. मी शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. खिडकीतून ती डबी उन्हात चमकताना दिसली तशी मी पेपर टाकून धावलो आणि तिला चिमट्यात धरून, हात लांब करून, माठाच्या सावलीत नेऊन ठेवली. शेजारच्या मैनाबाई कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी सिंधूला विचारले, "मास्तर साप पकडून राह्यले काय व?"

पंप घेण्याची पद्धत तू पत्रात नीट लिहिली होतीस. तोंडात धरायचा, ओठ मिटायचे, डबी दाबतानाच श्वास आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. आईंनी ते पत्र स्वतः वाचले, दोनदा वाचले. मग त्यांनी पहिल्या दिवशी पंप डाव्या हातात धरून उजव्या तळव्यावर एक पिचकारी मारली आणि तीर्थ घ्यावे तसा तळवा तोंडाला लावला. (मुले त्याला पिचकारीच म्हणतात, आता घरात दुसरा शब्द नाही.) तळव्यावर काहीच लागत नाही असे दिसल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते वरून घ्यायला सुरुवात केली. वरून म्हणजे आपण फुलपात्रातले पाणी ओठाला न लावता वरून घेतो तसे. मान मागे, तोंड उघडे, पंप चार बोटे उंच, डोळे मिटलेले, आणि पिचकारी. अर्धे औषध नाकावर, पाव कपाळावर, उरलेले वर आढ्याकडे. आमच्या आढ्याला दोन पाली आहेत. त्यांना दमा असेल तर तो आता समूळ गेला असावा. आणि पिचकारी मारून झाल्यावर आई मोठ्या श्रद्धेने दहा आकडे मोजून श्वास रोखत, त्याबद्दल त्यांना कोणी नाव ठेवू शकणार नाही. आठ दिवसांनी त्यांनी खांबाला सांगितले, की रवीने एवढ्या लांबून पाठवलं म्हणून मी घेऊन राहिले आहे, पण विलायती औषधात काही दम नाही.

मी समजावले, सिंधूने समजावले. मैनाबाई स्वतः कुंपण ओलांडून आल्या (त्यांच्या धन्याला, किसनरावांना, कापसाच्या जिनात सरकीची धूळ खाऊन खोकला आहे, म्हणून त्यांना या विषयात गती आहे) आणि म्हणाल्या, "बुढीमाय, दवाई वरतून टाकाले तुमचं तोंड काय चिमणीच्या पिल्लाचं हाये? तोंडात धरा ना सरळ." आई त्यांच्याकडे पाहून गोड हसल्या आणि त्यांना कुरडईचा घाणा कसा झाला ते विचारू लागल्या. गाढवापुढे वाचली गीता असे मी म्हणणार नाही. त्या तुझ्या आई आहेत.

आता मुख्य प्रकाराकडे येतो. तुझ्या रमामावशीच्या नातवाची मुंज अमरावतीस होती. सिंधू मुलांना घेऊन आठ दिवस आधीच गेली, आणि आईंना घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. घरातून निघताना खांब बरोबर घेता येत नाही, म्हणून प्रवासात त्या माझ्याशी डब्याच्या खिडकीमार्फत बोलत होत्या. पॅसेंजरला गर्दी. तरी एका भल्या गृहस्थाने सरकून आईंना खिडकीजवळ जागा दिली आणि आपले पोते त्यांच्या बाकाखाली सारले. या गृहस्थांचे नाव खुशालराव, अकोटकडचे शेतकरी, बडनेऱ्याला दिलेल्या लेकीकडे निघालेले. लेकीच्या वर्षाच्या तिखटाची बेगमी म्हणून पोत्यात वीस शेर वाळलेल्या लाल मिरच्या. मूर्तिजापूरला एक लठ्ठ बाई चढली आणि तिला बसायला जागा नाही म्हणून तिने ते पोते बाकाखालून ओढून काढले आणि त्यावर बसकण मारली. पुढचे तुला लिहायला नको. सगळा डबा शिंकू लागला. आई शिंकल्या नाहीत. त्यांनी पदर नाकाला लावला, मग खिडकीचा गज घट्ट धरला, आणि मला ती ओळखीची शिट्टी ऐकू आली.

मी पिशवीतून पंप काढून दिला. आईंनी त्याही अवस्थेत मान मागे टाकली, चार बोटे वर धरला, आणि चालत्या गाडीत, खिडकीच्या वाऱ्यात पिचकारी मारली. ती खुशालरावांच्या डोळ्यांत गेली. बिचाऱ्याचे डोळे मिरच्यांनी आधीच लाल झालेले. तो डोळे चोळत मलाच धीर देऊ लागला.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा आईंना दोन पावलांवर एकदा थांबावे लागत होते. अमरावतीची गाडी नुकतीच सुटली होती, एसटीला मुंगी शिरायला जागा नाही. टांगा केला. खुशालराव म्हणाला, "माय, माह्या मिरच्यानं तुमाले तरास झाला. मी तुमाले असं अर्ध्या रस्त्यात सोडून जाऊ काय?" आणि लेकीचे घर स्टेशनाच्या मागे असताना तो आमच्याबरोबर अमरावतीस निघाला. मिरच्यांचे पोतेही निघाले. स्टेशनात ठेवले तर चोरी जाईल म्हणून त्याने ते मांडीवर घेतले, आणि टांगेवाल्याशेजारी पुढे बसला. वारा समोरून. म्हणजे ज्या मिरच्यांपासून आम्ही पळत होतो त्या मिरच्या आमच्यापुढे बसून आम्हाला दवाखान्याची वाट दाखवत होत्या. मी त्याला दोनदा सांगितले, बाबा, मागे बस. तर तो मागे वळून म्हणतो, माझी काळजी करू नका, मी बरा बसलोय. शेवटी मी स्वतः उतरलो, पोते उचलले आणि टांग्याच्या मागल्या पायरीला दोरीने बांधले. पांढऱ्या सदऱ्यावर अजून डाग आहेत. चिडावे तर कोणावर, तो माणूस इतका चांगला की चिडायचीही सोय नाही.

दवाखाना जानराव नावाच्या डॉक्टरांचा, नवाच उघडलेला, चार खाटांचा. डॉक्टर तुझ्याच वयाचे, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नागपूरला शिकलेले. मला माणूस पसंत पडला. पाहताक्षणी दंडात सुई दिली, मग शिरेत दुसरी, अगदी सावकाश. नंतर प्राणवायूची टाकी आणली आणि तिच्या नळीला लावलेले नरसाळे आईंच्या नाकापुढे धरले. हे नरसाळे तोंडाला लागत नाही, वीतभर लांब राहते, त्यामुळे आईंनी त्याला हरकत घेतली नाही. थोडे बरे वाटले. पण तासाभरात पुन्हा दाटू लागले. डॉक्टरांकडे औषध फवारायचे काचेचे एक यंत्र होते, त्याला रबरी फुगा. ते त्यांनी आणले. आईंनी विचारले (दवाखान्याच्या खिडकीला), आधी हे कोणाच्या तोंडात होतं. डॉक्टर भोळेपणाने म्हणाले, सकाळीच एका हमालाला दिलं होतं, त्याला चांगला उतार पडला. झाले. आईंचे ओठ मिटले.

तेव्हा मी तुझा पंप पुढे केला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. डबीवरचे इंग्रजी गेलेले, पण छापील कागद मी बरोबर ठेवला होता. तो वाचून ते म्हणाले, या औषधाबद्दल मी वाचलं आहे, हातात आज पाहतो आहे. हे सुईसारखं झटक्यात काम करत नाही, पण दर दहा मिनिटांनी दोनदा, असं तासभर, लागलं तर आणखी दिलं, तर नळ्यांची सूज उतरते. आणि आईंनी मान मागे टाकून चार बोटे वर धरला. डॉक्टर बघत राहिले. मग म्हणाले, "आजी, असं वरतून मारल्यानं ते देवाले भेटंल, छातीले नाही भेटत." आईंनी ऐकले नाही. तेव्हा ते मला म्हणाले, मास्तर, तुम्ही करून दाखवा, पाहून करतील. मी दाखवले. तोंडात धरला, ओठ मिटले, दाबला, ओढला. चव काय सांगू, आणि मला असा ठसका लागला की नरसाळे दोन मिनिटे माझ्यापुढे धरावे लागले. आईंनी हे सगळे पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. कस्टमवाल्याच्या उष्ट्यात आता जावयाच्या उष्ट्याची भर पडली होती.

डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावले. तिथे ते जे बोलले ते मी तुला जसेच्या तसे लिहितो. "मास्तर, सुया देऊन देऊन किती देऊ, त्यायचं काळीज म्हातारं हाये. ताकद सरून राहिली. श्वास ओढून ओढून छाती थकली का मंग माह्या हाती काही राहत नाही. पिचकारी तोंडात घ्यायले लावा." मी विचारले, किती वेळ आहे? ते म्हणाले, आता घेतली तर वेळ आहे.

रवी, मी घाबरलो. खोटे कशाला लिहू. आत गेलो तर त्या खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, ओठ जांभळट झालेले, आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या. एवढ्या बोलक्या बाई, पण बोलायला श्वास नव्हता. त्या वेळी मला कसे सुचले ते देव जाणे. घरी आमचा धाकटा अर्धा चावलेला लाडू टाकून पळतो, तो तुझी आई उचलते आणि निमूटपणे आपल्या तोंडात टाकते. एकदा मी सिंधूमार्फत विचारले होते, तेव्हा हे सोवळे कुठे गेले? उत्तर आले होते, लेकराचं उष्टं उष्टं नसते. हे आठवले आणि मी त्यांच्या कानाशी वाकून अगदी शांतपणे सांगितले, की आई, ही पिचकारी रवीने आधी आपल्या तोंडाला लावून पाहिली आणि मगच पाठवली. कस्टमवाल्याने नुसता खोक्याचा कागद फाडला. रवीने तसे या इंग्रजी कागदाच्या तळाशी लिहिले आहे, मी सांगायचे विसरलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. सात वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिले, मध्ये खांब नाही की खिडकी नाही. मग हात पुढे केला, पंप घेतला, तोंडात धरला आणि ओठ मिटले. (माझे उष्टे त्या घाईत विसरल्या असाव्यात.) मी डबी दाबायची, त्यांनी ओढायचे, डॉक्टरांनी आकडे मोजायचे. दहा मिनिटांनी पुन्हा. तासभर झाले, दुसरा तासही गेला. खुशालराव दारात बसून प्रत्येक वेळी "आता?" म्हणून विचारत होता. दुपारी दोनच्या सुमारास शिट्टी हलकी झाली, ओठांचा रंग परतला. तीन वाजता त्यांनी चहा मागितला, कपाला तोंड न लावता वरून घेतला, आणि खिडकीला सांगितले की यात साखर नाही.

मुंज लागली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर, मिरच्यांच्या डागांसकट बसलो होतो. निरोप मिळताच सिंधू मांडवातून धावत आली आणि आधी मलाच रागावली की आईला मिरच्यांच्या डब्यात कशाला बसवले. चार दिवसांनी अकोल्यास परतलो. आता सकाळ-संध्याकाळ आई पंप तोंडात धरून नीट घेतात आणि त्यांना चांगला गुण आहे. असा हा तुझा एका ओळीचा मजकूर आहे. मला यातून काही नको आहे, तक्रारही नाही, मी फक्त कळवले. तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून इथेच थांबतो. सिंधूने तुला आठवण लिहायला सांगितली आहे, ती लिहिली. प्रकृतीस जपून राहणे.

तुझा,
उद्धव

ता. क. एक बारीकसे काम आहे. त्यासाठीच पत्र लिहिले म्हटलेस तरी चालेल. पुढच्या पत्रात आईंना, त्यांच्या नावाने, मराठीत आणि तुझ्या स्वतःच्या अक्षरात एवढे लिही, की "आई, पंप मी आधी तोंडाला लावून पाहिला होता." तू डॉक्टर आहेस, असे करणे आरोग्याला बरे नाही वगैरे तुला वाटेल, ते मनात ठेव, पत्रात लिहू नकोस. तुझी पत्रे त्या स्वतः वाचतात आणि तुझे अक्षर ओळखतात, नाहीतर तुला त्रास दिला नसता. कारण मी खोटे बोललो हे त्यांना कळले तर पंप पुन्हा चार बोटे वर जाईल, आणि पुढच्या वेळी मला काय सुचेल याची खात्री नाही. पंपही अर्ध्याच्या वर संपला आहे (पाली आणि खुशालराव धरून), दुसरा पाठव.

ता. क. २. त्या इंग्रजी कागदाचीही पंचाईत झाली आहे. आईंनी तो मागून घेतला आणि पोथीत ठेवला आहे. तेव्हा नवा पंप पाठवशील त्यातल्या कागदाच्या तळाशी इंग्रजीत दोन ओळी काहीही खरड, म्हणजे मी गुपचूप अदलाबदल करीन. या वयात मला ही कामे करावी लागतात.

चि. रवीस आईचा आशीर्वाद. जावई आंघोळीला गेले आहेत, पत्र टेबलावर उघडे होते, ते मी वाचले. पाकीट मीच चिकटवून मैनाबाईच्या हाती टपालात देते, म्हणजे खालचे त्यांना दिसणार नाही. मला इंग्रजी येत नाही, पण तुझे अक्षर येते. त्या कागदावर तुझ्या हातचे एक अक्षर नव्हते, हे पार्सल आले त्याच दिवशी मी पाहून ठेवले होते. तेव्हा तू काही खोटे लिहू नकोस. तोंड लावले होते ते त्यांनी, माझ्यासमोर, आणि मी ते विसरले नव्हते. आणि अगदी शांतपणे सांगितले असे त्यांनी लिहिले आहे, ते तसे नाही. ते रडत होते. माझ्या पदरावर त्यांच्या डोळ्यांचे पाणी पडले. हे तू मनात ठेव, त्यांना विचारू नकोस, ते रागावतील. ट्रंकेतली लुगडी काल फडताळात लावली. तुझी सवड होईल तेव्हा ये, घाई नाही. पिचकारी मात्र लवकर पाठव, आणि कोरीच पाठव. तोंड लावून द्यायला इथे उद्धव आहे.